दहा वाजून पाच मिनिटं

आमचा कार्यक्रम रोज सकाळी १० ते ११, थेट प्रक्षेपण. आधी घडामोडी, मग आरोग्य, शेवटी संस्कृती. संस्कृती शेवटी का? कारण पहिले दोन भाग लांबले की कात्री तिथेच लावता येते. निवेदक हे कबूल करणार नाही, पण काचेच्या अलीकडे बसून मी सहा वर्षं फोन घेतेय, मला ठाऊक आहे.

फोन घेणं म्हणजे गाळणं. नाव, मुद्दा, लाइन स्वच्छ आहे का, माणूस शुद्धीत आहे ना, एवढं अर्ध्या मिनिटात ताडायचं आणि वेळेसकट नोंदवायचं. प्रक्षेपण सात सेकंद मागे चालतं. कुणी शिवी हासडलीच तर बटण दाबून ती गिळून टाकता येते. नोंदी मात्र मला कायम कारकुनी वाटायच्या. कोण वाचतंय त्या?

त्या दिवशी पहिल्या भागात विषय होता समाजमाध्यमं आणि मुलं. १६ वर्षांखालच्यांना खातं उघडायला मनाई करणारा कायदा ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये केला, तसा सगळीकडेच असावा का, असा प्रश्न. ज्यांना मुलं आहेत ते सगळे तावातावाने बोलले, ज्यांना नाहीत ते जरा जास्तच. भाग अकरा मिनिटं लांबला. आरोग्याच्या भागात मेंदूविकारतज्ज्ञ डॉक्टर अर्धशिशीवर बोलून बाहेर आल्या आणि माझ्यामागच्या खुर्चीत पाणी पीत बसल्या. शेवटचा विषय होता पुस्तक वाचावं की कानाने ऐकावं.

यावर काका बोलणारच होते. काका म्हणजे आमचे जुने श्रोते, बहुधा निवृत्त शिक्षक. आठवड्यातून तीनदा तरी फोन करतात, निम्मे वेळा आमचं व्याकरण दुरुस्त करायला. १०:०५ ला त्यांचा फोन आला होता. "बाई, काल तुमचा निवेदक 'माझी मदत करा' म्हणाला. 'मला मदत करा' म्हणावं." हसून मी नोंद केली: आवाज स्पष्ट, मुद्दा ऐकीव पुस्तकांच्या विरुद्ध, शिवाय नेहमीची तक्रार. आणि म्हटलं, वेळ आली की आम्हीच फोन लावू.

१०:४१ ला लावला. बराच वेळ घंटी वाजली. मग काका म्हणाले, "हो बाई, मी खुर्ची वाचतो. खुर्ची... ती... हातात..."

मला वाटलं, थट्टा करतायत. नंतर वाटलं, झोपेतून उठलेत. निवेदकाला बोटांनी 'दोन मिनिटं' अशी खूण करून मी त्यांना होल्डवर टाकलं! आपलं नाव चुकीचं उच्चारलं तरी फोन ठेवून देणारा माणूस पुस्तकाला खुर्ची म्हणतोय, आणि मी त्याला रांगेत उभं करतेय. त्या चाळीस सेकंदांचा हिशेब माझ्याकडे अजून आहे.

होल्ड काढला तेव्हा रिसीव्हर कशावर तरी आपटल्याचा आवाज आला. मी मागे वळून एवढंच म्हटलं, "डॉक्टर, जरा ऐकता का?" त्यांनी हेडफोन अर्धवट कानाला लावला, तीन-चार शब्द ऐकले आणि माझा माइक ओढून घेतला.

"काका, मी डॉक्टर बोलतेय. बोलू नका. हो असेल तर एकदा ठोका, नाही असेल तर दोनदा. घरात कुणी आहे?" टक टक. "उजवा हात वर जातोय?" टक टक. "दार उघडं आहे?" टक. त्यांना सगळं समजत होतं, फक्त शब्द हाती लागत नव्हते. "औषध, पाणी, काही घेऊ नका. ॲस्पिरिनसुद्धा नको." नंतर मला त्यांनी कारण सांगितलं: पक्षाघाताचे बहुतेक झटके रक्ताच्या गुठळीने येतात, पण काहींत रक्तस्राव असतो, आणि कुठला ते स्कॅन केल्याशिवाय कळत नाही. रक्तस्रावात ॲस्पिरिन म्हणजे आगीत तेल. शिवाय गिळता येत नसेल तर पाणीही श्वासनलिकेत जातं.

रुग्णवाहिका कुठे पाठवायची? पत्ता काका सांगू शकत नव्हते आणि नोंदीत तर फक्त नाव आणि नंबर. तेवढ्यात साहाय्यक मुलाला आठवलं की मागे प्रश्नमंजूषेत काका जिंकले होते आणि बक्षिसाचं पुस्तक आपण कुरिअरने पाठवलं होतं. पावत्यांचा गठ्ठा त्याने जमिनीवर उपडा केला. पत्ता सापडला. काचेपलीकडे निवेदक ऐकीव पुस्तकांवर एकटाच बोलत राहिला. श्रोत्यांना काहीच कळलं नाही. फोन प्रक्षेपणात सोडलाच नव्हता, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

डॉक्टरांनी मग एक प्रश्न विचारला, जो मला अजिबात अपेक्षित नव्हता. "हे नीट बोलत असल्याचं शेवटचं कुणी ऐकलं? किती वाजता?"

मी पडद्यावर बोट ठेवलं. १०:०५, आवाज स्पष्ट.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, आणि तो वेळ झटका लक्षात आल्यापासून नव्हे, माणूस शेवटचा ठीक दिसला तिथपासून मोजतात. एकट्या राहणाऱ्यांच्या बाबतीत घोडं तिथेच अडतं. सकाळी कुणी पाहिलंच नसेल तर घड्याळ आदल्या रात्रीपासून धरावं लागतं. काकांचं घड्याळ १०:०५ ला सुरू होऊन २:३५ ला संपत होतं. "पण २:३५ पर्यंत वेळ आहे असं समजायचं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "जितकं लवकर तितकं जास्त वाचतं." रुग्णवाहिकेतले लोक फोनवर येईपर्यंत त्या काकांशी बोलत राहिल्या, आणि काका ठोकत राहिले. शेवटी शेवटी टकटक हळू झाली होती.

रुग्णालयातून दुपारी फोन आला, तीच वेळ पुन्हा खात्री करून घ्यायला. मी नोंद वाचून दाखवली. "नेहमीची तक्रार" हेसुद्धा वाचलं, का कोण जाणे.

तीन महिन्यांनी काकांचा फोन आला. आवाज तोच, पण प्रत्येक शब्दाआधी थांबा. निवेदक आनंदाने हात हलवून म्हणाला, घे लगेच प्रक्षेपणात. मी विचारलं, "काका, बोलता?"

बराच वेळ गेला. "नको," ते म्हणाले. "अजून... विभक्ती... चुकतात."

मी वेळ लिहिली, आणि आवाजाच्या रकान्यात 'स्पष्ट'.