रंग वाळेपर्यंत

उद्याच्या जलरंगाच्या चित्राचं काम आज रात्रीच सुरू होतं, कारण ताणलेला कागद वाळायला अख्खी रात्र लागते. ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, ताव न ताणता रंगवायला घेतला, तर पहिल्याच मोठ्या वॉशला, म्हणजे पातळ रंगाच्या सलग थराला, तो नागमोडी होतो. पाणी खळग्यांत साचतं, उंचवट्यांवरून ओसरतं आणि सपाट आकाश हवं तिथे पट्टे उमटतात. कागदाचे तंतू पाणी प्यायले की रुंदीत फुगतात, वाळले की आक्रसतात. ताव ताणायचा म्हणजे त्यांना आधी पुरतं फुगू द्यायचं आणि कडा धरून ठेवून वाळवायचं. ६४० जीएसएमच्या जाड तावाला याची गरज नसते, पण तो महाग पडतो आणि सरावासाठी वापरताना हात आखडतो. त्यामुळे रोजच्या कामाला ३००चाच.

ताव गार पाण्यात पाचेक मिनिटं बुडवायचा. कोमट पाणी नको. चांगल्या कागदावर बहुधा जिलेटिनचं साइझिंग, म्हणजे शोषण रोखणारा लेप, असतं, ते गरम पाण्यात विरघळतं आणि मग रंग टीपकागदावर पडावा तसा आत शोषला जातो. एका कोपऱ्याला धरून ताव उभा धरायचा, पाण्याची धार तुटून थेंब पडू लागले की फळीवर ठेवायचा. फळी निदान १२ मिमी जाडीच्या प्लायवूडची असावी. वाळताना कागद इतका ओढतो की पातळ फळी वाकते. मधला भाग स्पंजने दाबायचा किंवा पुसायचा नाही, ओला पृष्ठभाग घासला जाऊन तिथे पुढे रंग डागाळतो. टिपायची ती फक्त कडेची दोन सेंटिमीटरची पट्टी, म्हणजे गमटेप, पाणी लावून चिकटवायची डिंकाची कागदी पट्टी, नीट धरतो.

गमटेप पाच सेंटिमीटर रुंदीचा. चारही पट्ट्या ताव भिजवायच्या आधीच कापून ठेवायच्या, प्रत्येक आपल्या कडेपेक्षा पाच सेंटिमीटर लांब. ओल्या हाताने गुंडाळीला हात लावला की सगळी गुंडाळीच चिकटून बसते. पट्टी ओलसर स्पंजवरून एकदाच फिरवायची, दोनदा फिरवली तर डिंक धुऊन निघतो. दोन सेंटिमीटर कागदावर, उरलेली फळीवर, आणि बोटाने घासून पक्की. मग फळी आडवीच ठेवायची. भिंतीला टेकवून उभी केली तर पाणी खालच्या कडेला उतरतं, तिथला टेप ओलाच राहतो आणि वरचा कागद आवळू लागला की तो निसटतो. ड्रायर लावला तरी तेच होतं. मधला भाग टेपच्या आधी वाळून ओढायला लागतो. घाई केलेला ताव सकाळी एका बाजूने सुटलेला दिसतो, आणि सुटलेला ताव पुन्हा भिजवण्याखेरीज इलाज नसतो.

सकाळी रंगांना हात लावण्याआधी ध्यानाची बैठक. वीस मिनिटं, गजर लावून, म्हणजे घड्याळाकडे बघावं लागत नाही. घोंगडीची घडी करून आठ-दहा सेंटिमीटर उंच करायची आणि तिच्या पुढच्या कडेवर बसायचं. गुडघे कमरेपेक्षा खाली आले की पाठ आपोआप सरळ राहते. सपाट जमिनीवर मांडी घातली तर कंबर मागे कलते, पाठीला पोक येतो आणि दहा मिनिटांत सगळं लक्ष दुखण्याकडे जातं. पायाला मुंग्या आल्या तर नस दाबली गेलेली असते. अशा वेळी शांतपणे पाय बदलावा, सहन करण्यात काही साधना नाही. गुडघे साथ देत नसतील तर खुर्ची तितकीच चांगली; पाठ न टेकता, दोन्ही तळवे जमिनीवर.

डोळे अर्धे उघडे, नजर मीटरभर पुढे जमिनीवर. सकाळी डोळे पूर्ण मिटले की डुलकी लागते. उच्छ्वास मोजायचा, एक ते दहा, आणि पुन्हा एक. आकडा हरवला की एकपासून. यात एक बारीक चूक बऱ्याच जणांची होते: आकडा आधी म्हटला जातो आणि श्वास त्याच्या मागून ओढला जातो. मग छाती भरून येते, दम लागल्यासारखं वाटतं. श्वास आधी पुरा होऊ द्यावा, आकडा त्याच्या शेवटी ठेवावा.

चित्रकाराला बैठकीत सगळ्यात जास्त सतावतात ती चित्रंच. डोळ्यांपुढे रचना उभी राहते, कोणता रंग कुठे हे ठरू लागतं, आणि हे कामच आहे असं वाटत असल्यामुळे ते विचलन म्हणून ओळखूच येत नाही. शेजारी पेन्सिल-वही ठेवायची नाही, याबद्दल मी ठाम आहे. सुचलेलं खरंच चांगलं असेल तर वीस मिनिटांनीही ते तिथेच असतं. बहुतेक वेळा नसतं.

आणि चित्र चांगलं व्हावं म्हणून बसणं, हेही मला पटत नाही. तो सौदा झाला, आणि चित्र बिघडलं त्या दिवशी माणूस बसणंही सोडतो. बैठकीतून एक गोष्ट मात्र हातात उतरते: हात शिवशिवतो आहे हे दिसतं, आणि दिसूनही तो उचलला नाही तरी चालतं. जलरंगात याची किती गरज पडते ते दुपारी कळतं.

बैठकीनंतर वहीत एक वर्तुळ. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग १९१८-१९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या शातो-दे इथे लष्करी सेवेत असताना रोज सकाळी वहीत एक लहान वर्तुळाकार चित्र काढत, आणि त्या दिवशीच्या मनःस्थितीशी ते ताडून पाहत. मंडलाचा अर्थ लावण्याच्या भानगडीत मी पडत नाही. मला त्यातली शिस्त हवी असते: मर्यादा ठरलेली, केंद्र ठरलेलं, अर्ध्या तासात संपणारं.

सहा सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ वहीच्या पानावर नीट बसतं. कंपासच्या टोकाखाली मास्किंग टेपचे दोन थर लावावेत. तेच टोक पुन्हा पुन्हा टेकून भोक रुंदावलं की केंद्र सरकतं. शिसं एचबी, तिरकं घासलेलं. २एच कागदात चर पाडतं, तो चर खोडूनही जात नाही आणि शाई त्यात ओघळते. सहा भाग करायला शाळेत शिकवतात ती पद्धत म्हणजे त्रिज्या परिघावर सहा वेळा टाकत जायची. पण कंपास ०.३ मिमीने जरी सरकला असला, तरी सहाव्या वेळी जवळजवळ २ मिमीचा फरक पडतो आणि शेवट सुरुवातीला भेटत नाही. त्यापेक्षा व्यास आखावा आणि त्याच्या दोन्ही टोकांवरून त्याच त्रिज्येने दोन्हीकडे एकेक कंस परिघावर मारावा. सहाही बिंदू मिळतात, आणि प्रत्येक बिंदूपर्यंत एकच पाऊल टाकलेलं असल्याने चूक साठत नाही. त्याला लंब दुसरा व्यास काढून त्याच्या टोकांवरूनही तेच केलं की बारा बिंदू. एवढ्या पायावर पाकळ्या, तारे, जाळी, काहीही उभं राहतं.

भरत जायचं ते केंद्रापासून बाहेर, म्हणजे ओल्या शाईवर तळवा घासत नाही. वही फिरवावी, मनगट नाही. रेघ हाताच्या नैसर्गिक वळणातच एकसारखी येते. पेन ०.३चा, शाई वाळल्यावर न फुटणारी. पेन्सिल खोडायची घाई नको, शाई वरून कोरडी दिसली तरी रबराखाली पसरते. मळून घ्यायचा मऊ रबर सगळ्यात बरा.

मग वॉश. पाव तावाच्या, म्हणजे साधारण २८ × ३८ सेंमीच्या, आकाशासाठी २० मिली तरी रंग आधीच कालवून ठेवायचा. मध्येच संपला तर नवीन कालवेपर्यंत कड वाळते, आणि ती रेघ कायमची राहते. रंग हवा त्यापेक्षा गडद कालवायचा, कारण वाळल्यावर तो फिका पडतो. फळीच्या वरच्या कडेखाली दोन-तीन सेंटिमीटरचा ठोकळा. भरलेल्या ब्रशने आडवा पट्टा ओढला की खालच्या कडेला रंगाची ओळंगलेली झालर जमते. पुढचा पट्टा त्या झालरीला जेमतेम शिवून घ्यायचा, आणि ती उतरत उतरत तळाशी आली की पिळलेल्या ब्रशने टिपायची. मागे वळून दुरुस्ती करायची नाही. पट्टा चुकला असेल तर चुकलेलाच राहू द्यावा, पुष्कळदा वाळताना तो मिटतो.

इथून पुढे काही न करण्याचं काम. ओला कागद आधी चकचकीत दिसतो, मग चमक मंदावून रेशमी होते, मग मळकट सपाट. चकचकीत असताना टाकलेला रंग मोकळा पसरतो. रेशमी झाल्यावर फक्त ब्रशमधला रंग कागदावरच्यापेक्षा घट्ट असेल तरच तो जागेवर मऊ बसतो, आणि ढगांच्या सावल्या, धुकट झाडं याच काळात होतात. नेमक्या याच वेळी पातळ रंगाचा ब्रश लावला तर ब्लूम येतो: जास्तीचं पाणी बाजूच्या अर्धवट वाळलेल्या भागात शिरतं, तिथलं रंगद्रव्य ढकलत नेतं आणि कडेला नागमोडी किनार साचवून थांबतं. ब्लूम आलाच तर त्यावर पुन्हा ब्रश फिरवून तो जात नाही, मोठा होतो. सोडून द्यावा, पूर्ण वाळल्यावर ओलसर ब्रशने कड हलकी करता येते.

वाळला की नाही हे डोळ्यांनी ठरवू नये. हाताची पाठ कागदावर टेकवावी. गार लागला तर आत ओल आहे, पाणी उडताना उष्णता घेऊन जातं म्हणून तो गार लागतो. अशा कागदावर दुसरा थर दिला की खालचा उठतो आणि दोन्ही मिळून गढूळ होतात. गार लागेनासा झाला की दुसरा थर. दमट दिवशी याला तासभरही लागू शकतो. म्हणून दोन फळ्या आलटून-पालटून चालवाव्यात, किंवा सरळ बसून दहा श्वास मोजावेत. सकाळचं मोजणं इथे कामाला येतं. तेच आकडे, तेच बसणं, फक्त समोर ओला कागद.

आजचं आकाश अल्ट्रामरिनचं. ट्यूबवर पीबी २९ लिहिलेलं असतं, तो रंगद्रव्याचा संकेतांक. एके काळी हा निळा लापिस लाझुली हा दगड दळून काढत. कृत्रिम अल्ट्रामरिन १८२८ पासूनचं, फ्रान्समधल्या गिमे यांच्या कृतीचं. याचे कण जड, ते गोळा होऊन कागदाच्या खळग्यांत बसतात आणि खरखरीत पोत उमटतो. ढगाळ आकाशाला हा पोत फार शोभतो. बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळला की त्यातूनच उत्तम राखाडी निघतो, काळ्याची गरजच पडत नाही. फ्थॅलो ब्लू, पीबी १५, याच्या उलट: कण अतिशय बारीक, तंतूंत शिरतात आणि उचलता येत नाहीत. ज्या भागात नंतर प्रकाश उचलून काढायचा आहे तिथे फ्थॅलो वापरू नये. ट्यूबवरचं नाव कंपनीगणिक बदलतं, त्यामुळे विकत घेताना आणि वहीत लिहिताना हा संकेतांकच धरावा.

संध्याकाळी ब्रश. गार पाणी, सौम्य साबण, आणि केसांच्या मुळाशी, धातूच्या पट्टीजवळ, बोटांनी हलकेच चोळणं. तिथे राहिलेला रंग सुकला की केस फाकतात आणि टोक कधीच परत जुळत नाही. टोक बोटांनी जुळवून आडवे वाळवावेत. उभे ठेवले तर पाणी पट्टीत उतरून लाकूड फुगतं, मूठ सैल होते. पाण्याच्या भांड्यात ब्रश उभा ठेवून चहूकडे फिरणाऱ्यांना तर मी हात जोडतो.

वही संपत आली होती, नवी शिवली. हा छंद चित्राइतकाच जवळचा. चार ताव दुमडून एकात एक बसवले की सोळा पानं होतात. दुमडण्याआधी कागदाची धार, म्हणजे तंतूंची दिशा, बघायची: कागद दोन्ही दिशांनी हलका वाकवावा, ज्या बाकाला कमी विरोध होतो त्या बाकाची रेघ ती धार. दुमड धारेला समांतर हवी. आडवी आली तर घडीवर कागद फुटतो आणि वही उघडी राहत नाही. घडीत तीन भोकं, मधोमध एक, दोन्ही कडांपासून दोन-दोन सेंटिमीटरवर एकेक. मेण लावलेला लिननचा दोरा, वहीच्या उंचीच्या अडीचपट. आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्यातून आत, मधलं ओलांडून सरळ खालच्यातून बाहेर, आणि मधल्यातून परत आत. दोन टोकं लांब टाक्याच्या दोन बाजूंना यायला हवीत, म्हणजे गाठ त्याला धरून बसते. दोरा ओढायचा तो नेहमी घडीच्या दिशेने. आडवा ओढला की भोक फाटतं.

या वहीत मन कसं होतं याला एकच ओळ देतो, आणि बैठक चांगली झाली की वाईट हे लिहीतच नाही. बसलो की नाही एवढंच. बाकी जागा कामाला: कागदाचा प्रकार, रंगांचे संकेतांक, हवा कोरडी की दमट, पहिला थर वाळायला किती मिनिटं लागली. महिन्याभराने हेच आकडे उपयोगी पडतात. दमट दिवशी अमुक कागदाला किती थांबायचं, हे अंदाजाने ठरवावं लागत नाही.

शेवटचं पान उन्हाच्या चाचणीचं. प्रत्येक नव्या रंगाची पट्टी ओढायची, अर्धी जाड काळ्या कागदाने झाकायची, तारीख घालून उन्हाच्या खिडकीत लावायची आणि तीन महिन्यांनी उघडून बघायची. अलिझरिन क्रिमसन, पीआर ८३, फिका पडणाऱ्यांत प्रसिद्ध आहे, पातळ वॉशमध्ये तर लवकरच. त्याच्या जागी क्विनाक्रिडोन, पीव्ही १९, टिकतो. गुलाबीला झगझगीतपणा देणारे फ्लुरोसंट रंग तर कुणाला द्यायच्या चित्रात मुळीच नकोत. आज दोन पट्ट्या लावल्या: पीव्ही १९ची एक आणि पीवाय ४०, म्हणजे ऑरिओलिनची एक. दुसरीवर माझा फारसा भरवसा नाही, म्हणून तिची तपासणी महिन्याभरातच.