सगळ्या चुका एकदम

मी १९७९ साली आपल्या शाळेतून एस.एस.सी. झालो. पुढची सारी नोकरी राज्य शासनाच्या लेखा व कोषागारे विभागात झाली. लिपिक म्हणून लागलो, विभागीय परीक्षा देत देत वर चढलो आणि अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर कोषागार अधिकारी म्हणून निवृत्त झालो. स्मरणिकेसाठी लिहायला बसलो तेव्हा डोळ्यांपुढे आधी आमच्या गणिताच्या सरांची लाल शाईची दौत आली.

सर वही शेवटच्या ओळीपर्यंत तपासायचे. पहिली चूक सापडली की वही परत, असं त्यांनी कधीच केलं नाही. असतील तेवढ्या चुका एकदम दाखवायचे आणि खाली तारीख घालून पूर्ण सही करायचे.

पैशाच्या हिशेबातही माणूस नाव काढू शकतो, हे त्यांच्याच तासाला कळलं. चिंतामणराव देशमुखांवर त्यांची फार भक्ती. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेला मुलगा १९१२ साली मॅट्रिकला पहिला आला, आयसीएस झाला, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला, हे सांगताना हातातला खडू तसाच राहायचा. "नोटेवर सही होती त्यांची!" असं म्हणून ते थांबत. १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर देशमुखांनी केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडलं, तिथे आले की सरांचा आवाज जड व्हायचा.

कोषागार म्हणजे नोटांनी भरलेली खोली, असं अजून पुष्कळांना वाटतं. पैसा बँकेत असतो, आमच्याकडे येतात ती देयकं, म्हणजे सरकारी कार्यालयांची बिलं. पूर्वी देयक आलं की पितळी टोकन द्यायचं आणि नोंदवहीत क्रमांक चढवायचा. मग तपासणी. अनुदान शिल्लक आहे का, लेखाशीर्ष बरोबर आहे का, मंजुरी सक्षम अधिकाऱ्याची आहे का, सही नमुना सहीशी जुळते का, आकडी आणि अक्षरी रक्कम एकच आहे का. पुढे सेवार्थ आणि बीम्स या संगणक प्रणाली आल्या, टोकनं कपाटात गेली. मार्चअखेर मात्र होता तसाच राहिला. अर्थसंकल्पात मंजूर झालेली रक्कम ३१ मार्चपर्यंत खर्ची पडली नाही तर ती व्यपगत होते, म्हणजे हातची जाते, म्हणून सगळ्या कार्यालयांची देयकं शेवटच्या आठवड्यात येऊन आदळतात. ३१ मार्चच्या रात्री आम्ही घरी गेलोच नाही, अशी कितीतरी वर्षं गेली.

पण मला सांगायचंय ते कुटुंब निवृत्तिवेतनाच्या एका प्रकरणाबद्दल. नोकरीची सुरुवातीची वर्षं होती. नवरा गेल्यानंतर एक बाई कागद घेऊन आल्या. मृत्यूच्या दाखल्याची प्रत साक्षांकित नव्हती म्हणून मी परत पाठवलं. पुन्हा आल्या, तेव्हा निवृत्तिवेतन आदेशातलं नाव आणि पासबुकावरचं नाव जुळेना. तिसऱ्यांदा फोटोवर अधिकाऱ्याचा शिक्का नव्हता. नियमाने तिन्ही आक्षेप योग्यच होते. त्या वेळी बाईंनी पिशवीतला एकेक कागद काढून माझ्या टेबलावर ओळीने मांडला आणि म्हणाल्या, "साहेब, अजून काय लागेल ते आजच सांगा. येण्याजाण्यात अख्खा दिवस मोडतो हो."

त्यांचं काम त्याच दिवशी मार्गी लावलं, पण रात्री झोप लागली नाही. तिन्ही त्रुटी पहिल्याच दिवशी माझ्या समोर होत्या. पहिली दिसली तिथेच मी वाचणं थांबवलं होतं. सरांच्या हाताखाली शिकून मी हे केलं, याची लाज आजही वाटते.

तेव्हापासून प्रकरण शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय आक्षेप लिहायचा नाही, आणि लिहायचे ते सगळे एकाच कागदावर, हा नेम केला. अधिकारी झाल्यावर माझ्या शाखेत कुणी एकेक आक्षेप काढू लागलं तर ती टिपणी मी सही न करता परत करत असे. काही जण नाराज झाले. माझा इलाज नव्हता.

१९९७ साली मी असलेल्या कोषागारात महालेखापालांकडून आलेल्या निवृत्तिवेतन आदेशांच्या गठ्ठ्यात सरांचं नाव दिसलं. पहिल्या प्रदानाआधी निवृत्त माणसाला समोर बोलावून ओळख पटवून घ्यायची असे. सर आले. मी उठून उभा राहिलो, पाया पडलो. "आधी काम," ते म्हणाले. आदेशावरचा फोटो पाहिला. ओळखखुणेत उजव्या मनगटावरचा व्रण लिहिला होता. सरांनी बाही वर करून हात पुढे केला. फळ्यावर लिहिताना तो व्रण आम्ही किती वेळा पाहिला होता! त्यांनी नमुना सह्या केल्या, तीच वहीखालची सही, तारखेसकट.

"अजून काही राहिलंय का? असेल ते सगळं आत्ताच सांग."

मी पुन्हा एकदा सगळी पानं उलटून पाहिली. "नाही सर," म्हटलं, "सगळं बरोबर आहे."