पट्ट्याविना बीपी, नोंद ४ : एक्सेलमधला ‘बाबा’ नावाचा रकाना

दंडाला पट्टा न बांधता बीपी सांगणारं यंत्र मी घरी बनवतोय. मागच्या नोंदीत मी फुशारकी मारली होती की माझं यंत्र आणि पट्ट्याचं बीपी मशीन यांच्यात फार तर चार-पाचाचा फरक येतोय. ती फुशारकी आज परत घेतोय. कशी ते पुढे येईलच.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी जुळणी थोडक्यात सांगतो. छातीवर तीन इलेक्ट्रोड, ते एडी८२३२ च्या ईसीजी बोर्डाला. डाव्या तर्जनीवर मॅक्स३०१०२, म्हणजे उजेड टाकून नाडी बघणारा सेन्सर. दोन्ही एकाच ईएसपी३२ वर, म्हणजे ब्लूटूथवाल्या छोट्या कंट्रोलर बोर्डावर. ईसीजीत टोकदार ‘आर’ शिखर उमटतं तो क्षण आणि त्याच ठोक्याची लाट बोटात पोचते तो क्षण, यांच्यातला वेळ मोजायचा. माझा साधारण पाव सेकंद भरतो. दाब वाढला की धमनीची भिंत ताणून कडक होते, कडक नळीत लाट जोरात पळते, वेळ कमी होतो. म्हणजे वेळेवरून बीपीचा अंदाज बांधायचा. नळीचा कडकपणा आणि लाटेचा वेग यांचं गणित मोएन्स आणि कोर्टेवेग या दोन डच माणसांनी १८७८ मध्येच मांडून ठेवलंय, त्यामुळे माझ्यासाठी उरलं होतं ते फक्त सोल्डरिंग, असं मला वाटलं होतं. (इलेक्ट्रोड अंगावर असताना सगळं बॅटरीवर चालवायचं, डेटा ब्लूटूथने घ्यायचा. चार्जरला लावलेल्या लॅपटॉपची वायर या बोर्डाला कधीही जोडायची नाही. हे दर नोंदीत लिहिणार, कंटाळा आला तरी.)

पहिले दोन आठवडे घड्याळाने खाल्ले. आलेख काढला तर वेळेची रेघ करवतीच्या दात्यांसारखी: हळूहळू चढतेय, धाडकन पडतेय, परत चढतेय. हृदय काही असं वागत नाही. शेवटी सापडलं. हा सेन्सर ३२ नमुने स्वतःच्या पोटात साठवतो. मी ते एकगठ्ठा वाचत होतो आणि सगळ्यांवर वाचल्याच्या वेळेचा शिक्का मारत होतो. सेकंदाला १०० नमुने या वेगाने ३२ नमुने म्हणजे ३२० मिलिसेकंद. मोजायची वस्तू अडीचशेची आणि चूक तीनशेच्या वर! आता वेग ४०० केलाय, नमुने तयार झाले की बोर्डाला लगेच कळवणारी इंटरप्टची पिन जोडलीय आणि प्रत्येक नमुन्याची वेळ मागे मोजत काढतो. शिवाय सेन्सरचं आतलं घड्याळ आणि ईएसपी३२ चं घड्याळ यांचं आपसात जमत नाही. दर मिनिटाला नमुने मोजून खरा वेग काढावा लागतो, नाहीतर अर्ध्या तासात सगळं सरकतं.

आणखी एक. या सेन्सरची नाडी उलटी दिसते. बोटात रक्त भरलं की परत येणारा उजेड कमी होतो, म्हणजे आकडा खाली जातो. मी दोन दिवस लाटेचा पाया समजून शिखर पकडत होतो. चिन्ह बदललं, विषय संपला.

हाताच्या उंचीने मात्र खरा घाम काढला. बोट हृदयापेक्षा १० सेंटिमीटर खाली गेलं की नुसत्या रक्ताच्या वजनाने तिथला दाब पाऱ्याच्या पावणेआठ मिलिमीटरने वाढतो. म्हणजे हात मांडीवरून टेबलावर उचलला तरी माझा ‘शोध’ बदलतो. आता जेवायचा पाट, त्यावर उशी, त्यावर कोपर, आणि बोट छातीच्या मधोमध येईल अशी खूण भिंतीवर पेन्सिलीने केलीय. आईने ती खूण एकदा पुसली. परत केली.

एवढं सगळं झाल्यावर बाबांना बसवलं. त्यांना बीपीची गोळी चालू आहे. आधी पट्ट्याने मोजलं, १३४/८२ आलं, ते यंत्राला सांगितलं, मग दहा मिनिटं यंत्राने आपलं आपण मोजलं: १३५, १३३, १३६, १३४. मी खूश. बाबा पेपर बाजूला ठेवून म्हणाले, “अरे, मघाशी पट्ट्याने सांगितलं तेच हे परत सांगतंय. बसल्या माणसाचं बीपी कुठे पळून जातंय? एवढं तर मीही सांगतो, वायर न लावता.”

रात्री एक्सेलमध्ये नवा रकाना केला, नाव ‘बाबा’. त्यात प्रत्येक ओळीत तोच सुरुवातीचा पट्ट्याचा आकडा, काही न मोजता. मग माझ्या सगळ्या बसून घेतलेल्या मोजण्यांवर दोघांची चूक काढली. बाबा किंचित पुढे!

म्हणजे ते चार-पाच काही कामाचे नव्हते. पट्ट्याच्या मशीनसाठी जी आयएसओ ८१०६०-२ कसोटी आहे, तिच्यात ८५ माणसांवर सरासरी चूक ५ च्या आत आणि विखुरणं ८ च्या आत लागतं. पण सुरुवातीला खरा आकडा सांगून शांत बसवलेल्या माणसावर ढोंगी यंत्रही असल्या आकड्यांत बसू शकतं. म्हणूनच पट्टा नसलेल्या अंगावरच्या यंत्रांसाठी २०१४ साली निघालेलं आयईईई १७०८ हे मानक बीपी मुद्दाम वर-खाली हलवून बघायला सांगतं.

मग हलवलं. फक्त स्वतःचं, बाबांचं नाही. बीपीचा त्रास असलेल्यांनी हा खेळ करू नये. भिंतीला पाठ टेकून, गुडघे काटकोनात, खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखं दोन मिनिटं. पट्टा उजव्या दंडावर, कारण डाव्यावर फुगला की बोटाची नाडीच जाते. वरचं बीपी पट्ट्याने २६ ने वाढलेलं दाखवलं, यंत्राने १५ ने. दिशा बरोबर, माप तोकडं. इथे ‘बाबा’ साफ हरले, कारण त्यांचा आकडा जागचा हलत नाही.

पण पुढची चाचणी नुसती उठून उभं राहण्याची. पट्टा म्हणतो खालचं बीपी थोडं वाढलं, यंत्र म्हणतं कमी झालं. चक्क उलटी दिशा. कारण असं की ‘आर’ शिखरानंतर हृदय आवळू लागतं, पण रक्त धमनीत सोडणारी झडप लगेच उघडत नाही. थोडं थांबावं लागतं. उभं राहिलं की रक्त पायांत उतरतं, हृदय कमी भरतं आणि ते थांबणं लांबतं. लाट धमनीत तितकीच जोरात पळतेय, निघालीच उशिरा. माझं गणित समजतं की वाटेत रेंगाळली.

म्हणून आता ईसीजीच्या जागी छातीच्या हाडावर एमपीयू६०५० हा हालचाल टिपणारा सेन्सर चिकटवतोय. झडप उघडताना छातीला बसणारा बारीक हिसका पकडायचा आणि वेळ तिथून मोजायचा. पाठीवर निजून श्वास रोखला की हिसका स्वच्छ दिसतो. बसून श्वास घेतला की बुडतो. वीस हर्ट्झच्या खालचं गाळून बघितलं, थोडा वर आला, पण दर चार-पाच ठोक्यांत एक चुकतोच. ‘बाबा’ रकाना तसाच ठेवलाय. पुढच्या रविवारी उभं राहायची चाचणी परत, दुसरा टेप आणून. दुहेरी टेप काढताना छातीवरचे केस आणि अर्धा आठवड्याचा उत्साह दोन्ही निघाले.