कूलर प्रोजेक्ट, अपडेट ३: कॅमल माझा डीले ऐकतच नव्हता

मागचं ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी: कूलरच्या हवेत डीएचटी२२ सेन्सर (तापमान आणि आर्द्रता मोजणारा), तो अर्डुइनो उनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला, उनो यूएसबीने जुन्या लॅपटॉपला, आणि अपाची कॅमलमध्ये (वेगवेगळ्या सिस्टिममधला डेटा इकडून तिकडे नेणारं जावा फ्रेमवर्क) स्वतःचा कंपोनेंट, म्हणजे नवी जोडणी, लिहून टेम्परेचर-ह्युमिडिटी रूटमध्ये, म्हणजे डेटाच्या वाटेवर, घ्यायची. नागपूरचा मे आहे, कूलर दिवसभर बंद होत नाही, म्हणजे टेस्टिंगला डेटा भरपूर.

एंडपॉइंट म्हणजे कॅमलमध्ये डेटा जिथून येतो-जातो ते टोक. आधी त्याचा तयार क्लास, डिफॉल्टएंडपॉइंट, सरळ एक्स्टेंड केला होता. क्रिएटप्रोड्यूसर आणि क्रिएटकन्झ्युमर या दोन मेथड लिहायच्या (प्रोड्यूसर डेटा बाहेर पाठवतो, कन्झ्युमर आत घेतो), सेन्सरला पाठवायचं काही नाही म्हणून प्रोड्यूसरमध्ये अनसपोर्टेडऑपरेशनएक्सेप्शन (हे जमत नाही अशी एरर) फेकून मोकळा झालो. कन्झ्युमरमध्ये मात्र नको ते शहाणपण केलं, स्वतःचा थ्रेड, व्हाइल ट्रू (न संपणारा लूप), मध्ये स्लीप, आणि मग कॅमल कॉन्टेक्स्ट (म्हणजे अख्खं कॅमल) बंद केला तरी थ्रेड जिवंतच, शेवटी प्रोसेस किल करावी लागायची. ठरावीक वेळाने सेन्सरला विचारत राहायची ही सगळी हमाली शेड्यूल्डपोलएंडपॉइंट आयती करून देतो, तोही डिफॉल्टएंडपॉइंटचंच पोर, म्हणून त्यावर आलो. आता फक्त पोल मेथड (दर वेळी विचारायचं काम करणारी) लिहायची आणि किती मेसेज मिळाले तो आकडा परत द्यायचा.

सिरीयल पोर्ट (उनोशी बोलायची यूएसबीवरची वाट) डूस्टार्टमध्ये, म्हणजे कन्झ्युमर सुरू होताना, उघडतो, पोलमध्ये नाही, कारण पोर्ट उघडला की उनो रीसेट होतो आणि भानावर यायला त्याला दोनेक सेकंद लागतात. आणि सुपर डूस्टार्ट (मूळ क्लासचा डूस्टार्ट) सगळ्यात शेवटी, कारण पोल वेळेवर चालवणारा शेड्यूलर तिथूनच सुटतो. यूआरआयमध्ये (एंडपॉइंटचा पत्ता, त्यातच ऑप्शन देतात) इनिशियलडीले, म्हणजे पहिल्या पोलआधीची वाट, ३००० आणि डीले, म्हणजे दोन पोलमधलं अंतर, ५००० दिलं, दोन्ही मिलिसेकंद. झकास वाटलं.

चालवलं तर पहिलं रीडिंग दरवेळी टाइमआउट. आणि नंतर तापमान ३१.४, ३१.४, ३१.४, ३१.४, मग ३१.५ चार वेळा. सेन्सर गेला असं समजून भर दुपारी दुपट्टा गुंडाळून बर्डीच्या बाजारात गेलो, नवा आणला, लावला, तरी तेच! आईचं वेगळंच, "काऊन रे, कूलर चांगला चालते ना, मंग ते वायरं कायले लावले त्याले?" काय सांगणार.

रात्री लॉगमध्ये मिलिसेकंद छापले तेव्हा उजेड पडला. दोन रीडिंगमध्ये अंतर अर्ध्या सेकंदाचं! डीएचटी२२ दोन सेकंदांतून एकदाच नवं रीडिंग देतो, त्याआधी विचारलं तर उनोवरची लायब्ररी जुनंच हातावर ठेवते, म्हणून चार-चार. आणि ५०० हा कॅमलच्या शेड्यूलरचा डिफॉल्ट डीले, इनिशियलडीलेचा १०००. म्हणजे माझं ५००० आणि ३००० कन्झ्युमरपर्यंत पोचतच नव्हतं, आणि उनो भानावर यायच्या आतच पहिला पोल, म्हणून तो टाइमआउट.

क्रिएटकन्झ्युमरमध्ये मी नवा कन्झ्युमर बनवून तसाच रिटर्न करत होतो. रिटर्नच्या आधी कन्फिगरकन्झ्युमर कॉल करायचा असतो, एवढी एकच ओळ. यूआरआयमधले ऑप्शन एंडपॉइंटवर सेट होतात आणि तिथून कन्झ्युमरवर ही मेथड चढवते. डोकं याचं फिरलं की डीलेचं स्पेलिंग चुकवलं असतं तर कॅमलने सुरुवातीलाच रिझॉल्व्हएंडपॉइंटफेल्डएक्सेप्शन देऊन कोणता पॅरामीटर अनोळखी ते नावासकट सांगितलं असतं, पण इथे ऑप्शन बरोबर, एंडपॉइंटकडे तो जमा, मग ओरडणार कोण? एक नवा सेन्सर उगाचच आला घरात. (बेडरूमच्या कूलरला लावीन म्हणा.)

जाता जाता अजून एक बदललं, शेवटचं रीडिंग एंडपॉइंटमध्ये साठवत होतो ते कन्झ्युमरमध्ये हलवलं, कारण एकाच यूआरआयवर दोन रूट लावले तर दोघांना एंडपॉइंट तोच मिळतो.

आता लॉग पाच-पाच सेकंदांनी नीट येतोय. काल दुपारी लाइट गेली, कूलर बंद, पण लॅपटॉप बॅटरीवर आणि उनो त्याच्या जिवावर, त्यामुळे ह्युमिडिटी ६२ वरून कशी घसरत गेली ते सगळं पकडलं गेलं, मी तिथेच बनियनवर बसून आकडे बघत होतो. आता ६५ च्या वर गेली की कूलरचा पंप बंद करायचा आहे, त्यासाठीचा रिले (उनोने चालू-बंद करायचा स्विच) पडून आहे टेबलावर. म्हणजे तो प्रोड्यूसर आता लिहावाच लागणार.