सव्वा व्होल्ट

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या एका गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, मी ग्राफिक्स कार्डे दुरुस्त करतो. रस्त्याचे कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असले तरी गिऱ्हाईक पत्ता विचारताना जुनेच नाव घेते. २००९ च्या पावसाळ्यात अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी जीफोर्स ९६०० जीटी घेऊन आला. कार्ड ठणठणीत होते. मूळ क्लॉक (चिपचा वेग) ६५० मेगाहर्ट्झचा, तो त्याने ७४० पर्यंत चढवला होता आणि त्यापुढे चित्र फाटत होते. कोअरला, म्हणजे मुख्य चिपला, व्होल्टेज जास्त मिळाला की क्लॉक आणखी चढतो. "काका, कोअरचा व्होल्टेज १.३० करून द्या," तो म्हणाला. बिघडलेले नीट करण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला धडधाकट कार्डावर सोल्डरचा डाग लावणे जिवावर येते, पण मी ते काम घेतले. खरे सांगायचे तर मलाही उत्सुकता होती.

कोअरला वीज पुरवणारा कंट्रोलर आपल्याच आउटपुटचा ठरावीक हिस्सा फीडबॅक पिनवर सतत पाहत असतो. हा हिस्सा दोन रेझिस्टर पाडतात. एक आउटपुटकडून पिनेकडे येणारा, दुसरा पिनेकडून ग्राउंडला जाणारा. या कार्डावर पिनेवर नेहमी ०.६० व्होल्ट राहतील असे पाहणे एवढेच कंट्रोलरचे काम. ग्राउंडकडच्या रेझिस्टरला समांतर आणखी एक मोठा रेझिस्टर जोडला की पिनेवरचा व्होल्टेज खाली ओढला जातो, कंट्रोलरला आउटपुट कमी पडल्याचा भास होतो आणि तो ते वाढवतो. पारड्याखाली चिंच चिकटवणाऱ्या वाण्याचीच ही युक्ती, फक्त येथे तराजू फसून माल जास्त मिळतो.

कार्ड बंद ठेवून मी पिनेपासून ग्राउंडपर्यंत मोजले, तर १.९ किलो-ओहम आले. त्याच्या किमान वीसपट मोठा प्रीसेट (स्क्रू फिरवून ओहम बदलता येणारा रेझिस्टर) घ्यायचा, म्हणजे पहिल्याच क्षणी फार मोठी उडी बसत नाही, या हिशेबाने पन्नास किलो-ओहमचा, पंचवीस फेऱ्यांचा प्रीसेट काढला आणि तो पूर्ण ५० वर नेऊन ठेवला. हे विसरून शून्याजवळ असलेला प्रीसेट जोडणाऱ्यांची कार्डे माझ्याकडे आलेली आहेत, आणि त्यांत दुरुस्त करण्याजोगे काही उरलेले नसते.

चूक मात्र मी वेगळीच केली. कॅबिनेट न उघडता स्क्रू फिरवता यावा म्हणून मुलाने प्रीसेट बाहेर हवा असल्याचा हट्ट धरला आणि मी वीतभर लांबीच्या दोन तारा जोडल्या. कार्ड चालू झाले. कोअरवर आधी १.१५ होते, ते १.१९ झाले, हिशेबाने तेवढेच व्हायला हवे होते. पण चाचणी सुरू करताच पडद्यावर रंगीत चौकोन उमटले आणि मशीन गोठले. मीटर १.१९ वर स्थिर होता, त्यामुळे मी तासभर चिपलाच दोष देत राहिलो. शेवटी व्होल्टेजचा क्षणाक्षणाचा आलेख दाखवणारा स्कोप लावला तेव्हा दिसले की सरासरी ठीक असली तरी व्होल्टेज सारखा थरथरत होता. फीडबॅकची वाट नाजूक असते. शेजारच्या कॉइलचा आणि वीज झपाट्याने चालू-बंद करणाऱ्या मॉस्फेटचा सगळा गोंगाट त्या तारा अँटेनासारख्या गोळा करून थेट कंट्रोलरच्या कानात ओतत होत्या.

तारा काढताना सोल्डरिंग आयर्नची उष्णता पुरेशी पोहोचण्याआधीच मी ओढले, आणि तारेच्या टोकाच्या सोल्डरसोबत मूळ रेझिस्टरही उचलून आला. मिलिमीटरभर लांबीचा तो कण. एवढ्याशा अंगावर ओहमचा आकडाही छापलेला नसतो. मुलगा समोर बसलेला होता आणि मी काही बोललो नाही. आउटपुटकडचा रेझिस्टर निघाला असता आणि त्याच अवस्थेत वीज दिली असती, तर पिनेवर काहीच न पोहोचल्याने कंट्रोलरने आउटपुट वाटेल तेवढे वर ढकलले असते आणि संरक्षण वेळेवर जागे झाले नसते तर चिप गेली असती. रेझिस्टर बसतो त्या मोकळ्या पॅडचे (बोर्डावरच्या तांब्याच्या ठिपक्याचे) दुसरे टोक ग्राउंडशी जुळते का ते मीटरने पाहिले. बीप वाजला. निघाला होता तो खालचा. त्याच्याविना कार्ड चालू केले असते तरी आउटपुट ०.६० वर बसले असते, एवढेच.

बाहेर मोजल्यावर तो ३.९ किलो-ओहमचा निघाला. बोर्डावर १.९ दिसत होते कारण तेथे वरचा रेझिस्टर त्याला समांतर येत होता. पॅड शाबूत होते. सूक्ष्मदर्शकाखाली, फ्लक्स लावून, मी तोच कण परत बसवला. दोनदा तो चिमट्यातून निसटला आणि एकदा तर माझ्याच श्वासाने उडाला. प्रीसेट या वेळी बोर्डावरच चिकटवला, तारा जेमतेम बोटाच्या पेरभर.

संध्याकाळी प्रीसेट २१ किलो-ओहमच्या आसपास आणल्यावर कोअरवर सव्वा व्होल्ट मिळाले आणि ८३० मेगाहर्ट्झवर चाचणी तासभर न अडखळता चालली. वीज क्लॉकच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ७४० च्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश जास्त. मूळ हीटसिंकवर हात ठेववत नव्हता. मुलाला अजूनही १.३० च हवे होते. "आधी मोठा कूलर आण, मग बोलू," असे सांगून, स्क्रू हलू नये म्हणून, मी त्यावर नेलपॉलिशचा थेंब सोडला. रेझिस्टर निघाल्याचेही तेव्हाच सांगितले. तो हसला, पण कार्ड उलटसुलट करून बराच वेळ पाहत राहिला. बिलाच्या पाठीमागे मी प्रीसेटचे ओहम आणि जोडलेल्या दोन्ही जागा लिहून दिल्या, कारण ते कार्ड पुढे कोणाच्या टेबलावर उघडले जाईल हे त्यालाही माहीत नव्हते आणि मलाही.