निदानरेषेइतकी धाव : एमिट स्मिथचं करिअर

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगमध्ये चेंडू घेऊन सर्वांत जास्त अंतर धावलेल्या माणसाची एका धावेची सरासरी आहे 4.2 यार्ड. मीटरमध्ये 3.84. पुरुषांच्या कबड्डीत मध्यरेषेपासून निदानरेषा 3.75 मीटरवर असते. म्हणजे एमिट स्मिथ पंधरा सीझन सरासरीने निदानरेषा जेमतेम ओलांडून पडत राहिला. असा 4,409 वेळा पडला, बेरीज झाली 18,355 यार्ड, आणि तो विक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही.

वाळवा-पलूसकडच्या कबड्डीच्या पोरांना हा हिशोब लगेच कळेल. संघाला चार डाऊन, म्हणजे चार प्रयत्न मिळतात आणि तेवढ्यात 10 यार्ड पुढं जायचं असतं. गेलात की पुन्हा नवे चार. तीन डाऊनमध्ये काम झालं नाही, तर चौथ्याला बहुतेक संघ चेंडू लाथेनं लांब उडवून देतात. आता हिशोब करा : चार, चार, चार म्हणजे बारा. चौथ्या डाऊनची वेळच येत नाही. घड्याळ चालू राहतं आणि समोरचा क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा आणि पास टाकणारा गडी, बाकावर बसून राहतो. याउलट एखादा गडी शून्य, वजा दोन आणि मग पंचवीस अशा धावा काढत असेल, तर त्याचे व्हिडिओ भारी दिसतात, पण त्या शून्याच्या आणि वजा दोनच्या वेळी संघ ‘करो या मरो’ चढाईसारखा अडकलेला असतो.

एमिटचा जन्म 15 मे 1969चा, फ्लोरिडातल्या पेन्साकोलाचा. उंची पाच फूट नऊ इंच, वजन शंभर किलोच्या जरा आत. फ्लोरिडा विद्यापीठात तीन वर्षांत 3,928 यार्ड धावला, तरी 1990च्या ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात त्यात) त्याचा नंबर लागला सतरावा. बुटका आहे, वेग कमी आहे, हा आक्षेप. त्याच ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर ब्लेअर थॉमस नावाचा रनिंग बॅक, म्हणजे एमिटसारखाच चेंडू घेऊन धावणारा गडी, गेला होता; आज त्याचं नाव फक्त असल्या तुलनेपुरतं निघतं. डॅलस काउबॉइज आदल्या वर्षी 16 पैकी एकच सामना जिंकलेला संघ. पिट्सबर्गशी अदलाबदल करून एकविसाव्यावरून ते सतराव्या क्रमांकावर आले आणि एमिटला उचललं. पहिल्या वर्षी 937 यार्ड, दुसऱ्या वर्षी 1,563 आणि लीगमध्ये पहिला.

वेग नव्हता तर होतं काय? ते बारकाईनं बघू, कारण टीव्हीवर ते दिसत नाही.

आधी उभं राहणं. क्वार्टरबॅकच्या मागं फुलबॅक, म्हणजे वाट मोकळी करून देणारा गडी, आणि सगळ्यांत मागं, चेंडूपासून साधारण सात यार्डांवर, रनिंग बॅक. पाय खांद्याइतके फाकलेले, हात मांड्यांवर, वजन दोन्ही चवड्यांवर सारखं. ज्या बाजूला जायचंय तिकडं नजर किंवा वजन आधीच झुकलं की समोरच्या लाइनबॅकरला, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीतल्या गड्याला, चिठ्ठी मिळाली. कोपरारक्षक चढाईवाल्याच्या पायाकडं बघून ओळखतो, तेच इथं.

मग चेंडू घेणं. क्वार्टरबॅकच्या बाजूचा कोपर वर, छातीच्या उंचीवर आडवा; दुसरा हात पोटाखाली, तळवा वर. मधल्या पोकळीत क्वार्टरबॅक चेंडू ठेवतो. रनिंग बॅकनं चेंडू ओढायचा नाही, त्याच्याकडं बघायचंही नाही. डोळे समोरच्या फटीवर. नवखे दोन चुका करतात : वरचा कोपर खाली ठेवतात, मग चेंडू त्यावर आदळतो, किंवा चेंडूकडं बघतात आणि फट हुकते.

मग धरणं. चेंडूचं टोक बोटांच्या बेचक्यात, अंग हाताच्या आतल्या बाजूला, मागचं टोक कोपराच्या खोबणीत आणि सगळं बरगड्यांना चिकटलेलं. चेंडू 397 ते 425 ग्रॅमचा, जड नाही. तो सुटतो वजनामुळं नव्हे, तोल जाताना हात आपसूक बाहेर उघडतो म्हणून. पहिला गडी मिठी मारतो, दुसरा मोकळ्या हातानं चेंडूवर ठोसा मारतो. बहुतेक फंबल, म्हणजे चेंडू हातातून सुटणं, या दुसऱ्यामुळं होतात. गर्दीत शिरताना दुसरा हात चेंडूवर यायलाच हवा, आणि कडेनं पळताना चेंडू सीमारेषेकडच्या हातात हवा. करून बघायचं तर रग्बीचा चेंडू चालेल, थोडा जाडा असतो इतकंच. एकानं चेंडू धरून वीस मीटर चालायचं, दुसऱ्यानं शेजारून सतत तो ओढायचा-ठोकायचा. चालताना सुटायचा थांबला की मगच पळत करा.

आणि शेवटी थांबणं, जे एमिटचं खरं कसब. त्याची पावलं आखूड, कमरेखालीच पडणारी. डॅलसचा ठरलेला डाव होता लीड ड्रॉ. क्वार्टरबॅक ट्रॉय एकमन पास टाकायचाय असं भासवत मागं सरकायचा. पुढचे लाइनमनही (बचावपटूंना रोखणारी पुढची फळी) पास वाचवायला उठल्यासारखे उभे राहायचे. समोरचे लाइनबॅकर पास अडवायला मागं जायचे आणि तेवढ्यात चेंडू एमिटच्या पोटात. त्याच्या पुढून फुलबॅक डॅरिल जॉन्स्टन सरळ लाइनबॅकरवर जाऊन आदळायचा. एमिट त्याच्या पाठीआड दबकत चालायचा. जॉन्स्टननं गडी डावीकडं ढकलला तर हा उजवीकडून, उजवीकडं ढकलला तर डावीकडून. फटीपर्यंत सावकाश आणि फटीतून झटकन.

हा डाव फसतो तोही ठरलेल्या कारणांनी. रनिंग बॅक अर्ध्या पावलानं लवकर निघाला तर लाइनबॅकर फसतच नाही. मधला एखादा बचावपटू लाइन फोडून आत घुसला, तर चेंडू हातात येतानाच पकड होते, कारण थांबण्यात वेळ गेलेला असतो. म्हणून भक्कम लाइन नसलेल्या संघानं लीड ड्रॉच्या नादी लागू नये. डॅलसकडं मार्क ट्युइने, नेट न्यूटन, मार्क स्टेपनोस्की, एरिक विल्यम्स अशी पोलादी माणसं होती, आणि 1994 पासून लॅरी ॲलनही आला.

इथंच नेहमीचा वाद येतो : असल्या लाइनमागं कोणीही धावला असता. याचं उत्तर 1993च्या सीझननं दिलेलं आहे. आदल्या वर्षी 1,713 यार्ड धावून एमिटनं सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून दिला होता. बफेलोला 52–17 असं धुतलं होतं. कराराच्या पैशांवरून मालक जेरी जोन्सशी जुळेना, म्हणून तो घरी बसला. तीच लाइन, तोच एकमन, आणि डॅलस पहिले दोन्ही सामने हरलं. मग चार वर्षांचे 1 कोटी 36 लाख डॉलर ठरले. दोन सामने बुडवूनही तो 1,486 यार्डांसह लीगमध्ये पहिला आला. पहिले दोन सामने हरून सुपर बोल जिंकणारा डॅलस हा पहिला संघ ठरला.

त्या सीझनचा कळस म्हणजे 2 जानेवारी 1994चा न्यूयॉर्क जायंट्सविरुद्धचा सामना. हाफटाइमच्या थोडं आधी लांब धाव घेऊन तो कृत्रिम गवतावर उजव्या खांद्यावर आपटला. खांदा आणि गळपट्टीच्या हाडाचा सांधा निसटला. तरी तो पुन्हा मैदानात उतरला. मर्दानगी म्हणून याचं कौतुक होतं, पण त्यामागं रोखठोक हिशोबही होता. जिंकणाऱ्याला विभागाचं विजेतेपद, पुढचे सामने घरच्या मैदानावर आणि प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) पहिल्या आठवड्याची सुट्टी मिळणार होती. हरलं असतं तर त्याच खांद्यानं पुढच्याच आठवड्यात खेळावं लागलं असतं. जिंकून खांद्याला दोन आठवडे मिळाले. त्या दिवशी 32 धावांत 168 यार्ड, शिवाय 10 झेल आणि 61 यार्ड; जादा वेळेत 16–13. ढिगातून त्याला हात देऊन उठवायचं काम जॉन्स्टनकडं होतं.

चारच आठवड्यांत सुपर बोल. (तो आपल्याकडं सोमवारी पहाटे पाचच्या सुमाराला सुरू होतो, तालमीत पोरं जोर मारायला उतरतात तेव्हा.) पुन्हा बफेलो, आणि हाफटाइमला डॅलस 6–13 मागं. जेम्स वॉशिंग्टननं निसटलेला चेंडू उचलून टचडाउन केला (चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या पट्ट्यात नेला) आणि बरोबरी झाली. डॅलसकडं पुन्हा चेंडू आला तेव्हा 64 यार्ड जायचे होते. आठपैकी सात वेळा चेंडू एमिटला दिला, 61 यार्ड त्यानं एकट्यानं काढले. समोरच्यांना डाव ठाऊक होता, तरी अडवता आला नाही. सामना 30–13. त्या वर्षी लीगचा एमव्हीपी (सर्वांत मोलाचा खेळाडू), सुपर बोलचा एमव्हीपी आणि धावांमध्ये पहिला, हे तिन्ही एकाच सीझनमध्ये करणारा तो एकमेव रनिंग बॅक आहे.

अडवता आला तो 10 डिसेंबर 1995ला, फिलाडेल्फियात. 17–17, शेवटची दोन मिनिटं, स्वतःच्याच 29 यार्डांवर चौथा डाऊन आणि जायचं एक यार्डाहूनही कमी. प्रशिक्षक बॅरी स्विट्झर यांनी चेंडू लाथाडला नाही. ‘लोड लेफ्ट’ हा डाव खेळला, एमिट अडकला. पण पंचांनी दोन मिनिटं उरल्याची सूचना आधीच दिली होती (तेव्हा खेळ थांबतो), म्हणून तो डाव रद्द. पुन्हा संधी मिळाली आणि स्विट्झरनी तोच डाव पुन्हा लावला. अख्ख्या मैदानानं नुकताच पाहिलेला. पुन्हा अडकला, फिलाडेल्फिया 20–17 जिंकलं. दोष एमिटचा नव्हता. एका यार्डासाठी सगळे गडी एकाच बाजूला लोटले की फट उरत नाही, आणि फट नसेल तर थांबण्याच्या कसबाला काही अर्थ नाही. त्याच सीझनमध्ये त्याचे 1,773 यार्ड आणि 25 टचडाउन झाले, आणि पिट्सबर्गला 27–17 हरवून तिसरा सुपर बोलही आला. त्या अंतिम सामन्यात त्याला 49 यार्डच मिळाले, पण टचडाउन दोन.

डेट्रॉइटच्या बॅरी सँडर्सशी त्याची तुलना होतेच. सँडर्सची सरासरी 5 यार्ड, दहा वर्षांत 15,269 यार्ड, आणि बघायला तोच जास्त मजेदार. माझं मत : डोळ्यांचं पारणं फेडायला सँडर्स, तिसऱ्या डाऊनला दोन यार्ड हवे असतील तर एमिट.

नंतरची वर्षं उताराची, पण उतार फार हळू. 1991 ते 2001 सलग अकरा वर्षं हजाराच्या वर. 1999 नंतर मानेच्या दुखापतीनं जॉन्स्टन निवृत्त झाला. 27 ऑक्टोबर 2002ला सिॲटलविरुद्ध 11 यार्डांची धाव काढून वॉल्टर पेटनचा 16,726चा विक्रम मोडला. सामना मात्र डॅलस 14–17 हरलं. शेवटची दोन वर्षं ॲरिझोनात, त्यातलं पहिलं खांद्याचा फरा मोडल्यामुळं जवळजवळ वाया. 2010ला हॉल ऑफ फेम.

बघायचंच असेल तर जायंट्सविरुद्धच्या त्या सामन्याचा दुसरा हाफ शोधा. एमिट 22 नंबर, पण पहिल्यांदा बघताना नजर 48 नंबरच्या जॉन्स्टनवर ठेवा. तो कुणाला, कुठल्या बाजूला ढकलतोय ते पकडा, मग तोच डाव मागं घेऊन 22 नंबरचे पाय बघा.