आमेनला थांबायचं

पहाटे साडेचारला चर्चच्या आवारात जमलो, तेव्हा नेहमीसारखेच भाषेप्रमाणे घोळके पडले होते. तागालोग एका कोपऱ्यात, पोलिश फाटकापाशी, मल्याळम, इग्बो, स्पॅनिश. मी एकटीच मराठी, त्यामुळे कुठेही उभी राहिले तरी पाहुणीच.

या देशात, या धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, मला नऊ वर्षं झाली. परमुलखात आपल्या भाषेतली मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, ऐकू आली की माणूस हमसून रडतो. पोप पायस बारावे यांनी १९५२ साली स्थलांतरितांना त्यांच्या भाषेचे धर्मगुरू मिळावेत म्हणून नियम केले, ते उगाच नाही. पण मिस्सा वेगळ्या झाल्या आणि ओळख पार्किंगमध्ये मान हलवण्यापुरती उरली. हॉलच्या चावीवरून तर दोन गटांत वर्षभर अबोला. दरवर्षी झेंड्यांची मिरवणूक निघते. माझ्या मते, त्या दिवशी आम्ही सगळ्यांत जास्त तुटक दिसतो.

१९१४ पासून चर्च स्थलांतरितांचा दिवस पाळतं. यंदा त्या निमित्ताने फादरांनी बावीस किलोमीटरची पायी वारी काढली. झेंडे नाहीत, गट नाहीत. ज्याची चाल जुळेल तो सोबती.

रोझरीची, म्हणजे जपमाळेची, पाच दशकं (दहा-दहा ‘नमो मारिया’ प्रार्थनांचे भाग) पाच भाषांत वाटली होती. ‘नमो मारिया’चा पूर्वार्ध पुढाऱ्याच्या भाषेत, उत्तरार्ध ज्याच्या त्याच्या. पहिल्या दशकात नुसता गोंधळ. पोलिशांचं झटकन आटपायचं, मल्याळम अजून अर्ध्यावर. तेवढ्यात पुढची सुरू. मागून कुणीतरी ओरडलं, “अहो, आमेनला तरी थांबा!” तो शब्द सगळ्यांचा एकच. मग आधी आटपलेले गप्प चालू लागले. नुसता बुटांचा आवाज, आणि त्यावर रेंगाळणारं मल्याळम. ते शेवटाला आलं की सगळ्यांचं एकदम ‘आमेन’. तिसऱ्या दशकात कुणाला सांगावंही लागलं नाही.

माझी चाल जुळली ती नेमकी चावीवाल्या इग्बो बाईंशी. चौदाव्या किलोमीटरला माझ्या टाचेला फोड आला. त्यांनी मला कट्ट्यावर बसवलं, माझा पाय सरळ मांडीवर घेतला आणि चिकटपट्टी दाताने तोडली.

“मीटिंगमध्ये तुम्ही फार मोठ्याने बोलता,” पट्टी दाबत त्या म्हणाल्या.

“तुम्ही ऐकत नाही म्हणून.”

फादर शेजारीच टेकले होते. म्हणाले, ‘पॅरिश’च्या मुळाशी ‘पारोइकिया’ हा ग्रीक शब्द आहे. अर्थ, परक्या ठिकाणी मुक्काम. म्हणजे इथे घरमालक कुणीच नाही. (हॉलचाही नाही, हे मी मनात म्हटलं.)

परतीच्या बसमध्ये जो तो पुन्हा आपल्या माणसांत जाऊन बसला. थकल्यावर मातृभाषाच तोंडात येते. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पुढच्या रविवारी चावी मागायला गेले. बाईंनी आधी टाच कशी आहे ते विचारलं. चावी दिली, पण अर्ध्याच तासासाठी.